अभिनय येतो, पण काम मिळत नाही? मग आधी दुकान मांडा



आपल्या चॅनलवर किराणा, कापड, मोबाइल शॉपी, डेअरी, पार्लर अशा धंद्यांवर बोलणं होतं. या आठवड्याचा विषय जरा वेगळा वाटेल. पण बारामतीत असो नाहीतर इंदापुरात, वर्कशॉप संपलं की दोन-तीन पोरं-पोरी बाजूला थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात. "सर, मला अ‍ॅक्टिंग करायचीय. मुंबईला जाऊ का?" आणि सोबत वडील असतील तर त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "सर, याला पैसे किती लागतील?" एक जण स्वप्नाचं बोलतो, दुसरा उसाच्या बिलाचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त दोघांच्या मध्ये हिशेबाची वही कुणी ठेवलेली नसते.

म्हणून आजचा लेख. अभिनय चांगला कसा करायचा हे मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण ज्याला काम येतं त्याला काम मिळावं कसं, आणि मिळालेल्या कामातून घर कसं चालावं, हा शंभर टक्के धंद्याचा प्रश्न आहे. त्यावर आपण बोलू शकतो.

'सैराट' झाला, पण तो कसा झाला ते बघा

आपल्या भागात हा विषय निघाला की पहिलं नाव 'सैराट'चं येतं. साहजिक आहे. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर आला आणि मराठीत पहिल्यांदाच गल्ला १०० कोटींच्या घरात गेला. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. इंदापूरवरून नीरा ओलांडली की अकलूज. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रेल्वेत भिगवण गेलं की पुढं जेऊर. म्हणजे सगळं आपल्या शिवारालगतचं. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, उद्या आपल्या पण दारात कुणीतरी येईल.

येईलही. पण 'कुणीतरी येईल' याला धंद्यात योजना म्हणत नाहीत. दुकान न उघडता गिऱ्हाइकाची वाट बघण्यासारखं आहे ते.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. 'सैराट'च्या आधी मंजुळेंची 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म झाली होती, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फँड्री' झाला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. 'सैराट' हा एका रात्रीतला चमत्कार नव्हता. आधीचा माल बाजारात जाऊन त्याची पारख झालेली होती, म्हणून पुढच्या मालाला पैसे लावणारा माणूस मिळाला. आपण पोस्टर बघतो, त्याच्या मागची वर्षं बघत नाही.

तुमचं गिऱ्हाईक प्रेक्षक नाही

हा मुद्दा नीट वाचा, कारण बाकी सगळा लेख यावर उभा आहे.

कुठल्याही नवीन कलाकाराला विचारा, तुझं गिऱ्हाईक कोण? तो म्हणतो, प्रेक्षक. चूक. प्रेक्षक शेवटी बघणार आहे, पण तुम्हाला कामावर घेणारा, तुमचे पैसे देणारा माणूस वेगळा आहे. तो आहे निर्माता, आणि त्याच्या वतीने माणसं निवडणारा कास्टिंग डायरेक्टर. बिस्किटाची कंपनी आधी दुकानदाराला माल विकते, मग दुकानदार पोराला विकतो. दुकानदारानं माल ठेवलाच नाही तर पोराला बिस्किट आवडतं का नाही, हा प्रश्नच येत नाही.

आता या गिऱ्हाइकाची अडचण काय आहे? त्याला 'महान कलाकार' पाहिजे असतो का? कधीकधी. पण बहुतेक दिवशी त्याला पाहिजे असतो तीस ते पस्तीस वयाचा, गावचा वाटेल असा, ट्रॅक्टर चालवता येणारा, गुरुवारी सकाळी सातला सेटवर हजर राहणारा, आणि दिलेलं पान पाठ करून येणारा माणूस. कारण सेटवर कॅमेऱ्याचं भाडं, लाइटचं भाडं, जनरेटर, गाड्या, चहा-नाश्ता, जेवण, सगळ्यांचं मीटर चालू असतं. एक माणूस दोन तास उशिरा आला तर दोन तास सगळं युनिट बसून राहतं आणि त्याचे पैसे निर्मात्याच्या खिशातून जातात.

म्हणजे तुम्ही विकता काय? नुसता अभिनय नाही. तुम्ही त्याची काळजी मिटवता. 'या माणसाला बोलावलं की तो सीन होणार' हा विश्वास तुम्ही विकता. ज्या दिवशी हे डोक्यात बसेल, त्या दिवशी तुमचं बोलणं, फोटो, फोन उचलणं, सगळं बदलेल.

कलेचा धंदा करायचा नसतो म्हणे! नारायणगावला जाऊन या

काही जण लगेच म्हणतील, सर, कला आहे ही, तिचा बाजार काय मांडता? त्यांना माझं सांगणं, आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगावला जाऊन या. तमाशाची पंढरी म्हणतात तिला. दरवर्षी यात्रांच्या हंगामाआधी तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. फडाचं नाव, फडमालकाचं नाव, कोण कलाकार आहेत ते लिहिलेली पाटी बाहेर. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, विचारपूस करतात, भाव करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. गुढीपाडव्याला तर तिथं मोठी गर्दी असते.

याच्यात धंद्याचे चार धडे आहेत, बघा.

पहिला, सगळे फड एका जागी का बसतात? शेजारी स्पर्धक आहे हे माहीत असून? कारण गिऱ्हाईक तिथं येतं. कापडबाजारात सगळी कापडाची दुकानं एका ओळीत असतात, त्यातलाच हा प्रकार. गिऱ्हाईक जिथं शोधतं तिथं तुम्ही दिसलं पाहिजे.

दुसरा, भाव तारखेवर ठरतो. ज्या तिथीला जास्त गावांच्या यात्रा, त्या तिथीची सुपारी महाग. कलाकार तोच, वग तोच, पण मागणी जास्त. मंगल कार्यालयवाल्यांना हे लगेच कळेल.

तिसरा, पाटीवर काय मिळणार ते स्पष्ट असतं. यात्रा कमिटीला अंदाज बांधावा लागत नाही.

चौथा धडा कडू आहे. हंगामाच्या आधी कलाकार फडमालकाकडून उचल घेतात. पावसाळ्यात काम नसतं, घर चालवायचं असतं. मग हंगामभर राबून ती उचल फेडायची. एकदा हे चक्र लागलं की कला कितीही मोठी असो, हातात काही राहत नाही. ज्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ ला आणि पुन्हा १९९० ला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, ज्यांच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, त्यांची २००२ मध्ये जाण्याआधीची वर्षं आर्थिक ओढाताणीत गेली.

मागं गेलात तर बालगंधर्वांचं उदाहरण आहे. १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. महाराष्ट्र त्यांच्यासाठी वेडा झाला होता. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांबरोबर झालेला संयुक्त 'मानापमान' लोक आजही सांगतात. पण रंगमंचावर सगळं उंचीच पाहिजे, या हौसेपायी खर्चाला धरबंद राहिला नाही आणि कर्ज मानेवर बसलं. एवढा मोठा माणूस, एवढी हाउसफुल नाटकं, तरी कर्ज सुटेना.

म्हणून सांगतो, कलेचा धंदा करणं पाप नाही. धंदा आहे हे न मानता तो करणं महागात पडतं.

तुमचा माल काय? 'सगळं करतो' ही पाटी काढा

दुकानावर 'येथे सर्व काही मिळेल' अशी पाटी असली की लोकांना काहीच आठवत नाही. कलाकाराचं तसंच आहे. "सर, मी कुठलाही रोल करतो" हे वाक्य ऐकून कास्टिंगवाल्याच्या डोळ्यासमोर कुठलंच चित्र येत नाही.

एक कागद घ्या. त्यावर लिहा, अनोळखी माणूस मला बघून पहिल्यांदा काय समजेल? कॉलेजचा पोरगा? बँकेतला कारकून? पहिलवान? गावचा सरपंच? हवालदार? नवी सून? सासूबाई? पाच अनोळखी माणसांना विचारा. घरच्यांना विचारू नका, घरच्यांना सगळे हिरो वाटतात. जी दोन-तीन उत्तरं पुन्हा पुन्हा येतील, तो तुमचा पहिला माल. पहिल्या दोन वर्षांत तोच विका. ओळख झाली की मग वेगळं करा.

दुसरं, तुमच्याकडे आहे आणि अंधेरीच्या पोराकडे नाही असं काय आहे, ते लिहा. ट्रॅक्टर चालवता येतो. कालव्यात पोहायला शिकलेला आहे. तालमीत जात होता. हलगी वाजवतो. लेझीम येते. धार काढता येते. नऊवारी स्वतःची स्वतः नेसता येते. चुलीवर भाकरी थापता येते. तुम्हाला हे सांगायची लाज वाटते, आणि तिकडं सेटवर हेच शिकवायला माणूस शोधत बसतात.

तिसरं, भाषा. आपली भाषा लपवू नका, ती तुमची खासियत आहे. पण फक्त तीच येत असेल तर दुकान अर्धंच उघडं राहील. प्रमाण मराठी आणि चालू हिंदी स्वच्छ बोलता आली पाहिजे. रोज सकाळी पेपरमधला अग्रलेख मोठ्यानं वाचा, फुकट क्लास आहे तो. कोणती भाषा कुठं वापरायची हे ज्याला कळतं, त्याला दोन्ही बाजारात काम मिळतं.

आणि मालाची क्वालिटी? तिला पर्याय नाही. खराब माल जाहिरात करून एकदाच विकला जातो. कॉलेजची एकांकिका, सरकारची हौशी राज्य नाट्य स्पर्धा, गावातलं नाटक, जिथं तालीम मिळेल तिथं जा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या गदिमा सभागृहात चांगलं नाटक लागलं की तिकीट काढून बघा. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन मांडणी बघतो ना आपण? तसं.

दुकानाचं शटर: प्रोफाइल

कास्टिंगवाल्याच्या फोनवर दिवसाला ढिगानं प्रोफाइल येतात. तुमच्यासाठी त्याच्याकडे काही सेकंद आहेत. म्हणून एवढं तयार ठेवा.

- फोटो चार ते सहा. चेहऱ्याचा जवळून एक, पूर्ण उभा एक, बाजूनं एक, पारंपरिक वेशात एक, साध्या कपड्यात एक. फिल्टर नाही, गॉगल नाही, बुलेटवर बसलेला नाही. फोटोत दिसता तसेच प्रत्यक्ष दिसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं.
- एका मिनिटाचा ओळख व्हिडिओ. नाव, वय, उंची, सध्या राहायला कुठं, भाषा कोणत्या, काय काय येतं. मागं साधी भिंत, समोरून उजेड, पंखा बंद.
- दोन छोटे सीन, प्रत्येकी एक मिनिट. एक तुमच्या ठरलेल्या मालाचा, एक थोडा वेगळा.
- केलेल्या कामाची यादी. नसेल तर एकांकिका लिहा. खोटं लिहू नका, या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात.
- हे सगळं एका लिंकवर. व्हॉट्सअ‍ॅपला वीस फोटो टाकत बसायचं नाही.

आता बऱ्याच ऑडिशन सेल्फ टेपवर होतात. म्हणजे ते सीन पाठवतात, तुम्ही घरी शूट करून पाठवता. हा आपल्यासारख्या तालुक्याच्या माणसाचा मोठा फायदा आहे. ट्रायपॉड, एक लाइट, कॉलर माइक एवढं सामान आणि समोर ओळी वाचायला एक मित्र. पाठवताना सूचना नीट वाचा. त्यांनी व्हिडिओ आडवा मागितला असेल तर आडवाच, फाइलला नाव जसं द्यायला सांगितलं तसंच. जो साधी सूचना पाळत नाही तो सेटवर काय पाळणार, असा विचार समोरचा करतो.

पहिली बाजारपेठ एसटीच्या अंतरावर

मुंबई सोडून द्या असं मी म्हणत नाही. वर्सोव्यात आरामनगरला आजही ऑडिशनच्या रांगा लागतात, गोरेगावला चित्रनगरी आहे. पण नवीन दुकानदार पहिल्याच दिवशी लक्ष्मी रोडवर गाळा घेतो का? आधी गावात जम बसवतो.

आपल्या जवळ काय आहे ते मोजा.

पहिलं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं. बारामतीतलं कांबळेश्वर. 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही वेबसिरीज तिथून निघाली आणि यूट्यूबवर महाराष्ट्रभर गेली. रामभाऊ आणि बाळासाहेब आज घराघरात माहीत आहेत. रामदास जगताप आणि भरत शिंदे यांना लोक पात्रांच्याच नावानं हाक मारतात. बाहेरून बघणाऱ्या धंदेवाल्याला यात काय दिसतं? लोकेशन गावातलं. भाषा गावातली. विषय गावातले. पात्रं ठरलेली, त्यामुळे लोकांना ब्रँड पाठ झाला. आणि एपिसोडमागून एपिसोड येत राहिले. एक व्हिडिओ टाकून सहा महिने गायब, असं नाही. दूधवाला एक दिवस आला आणि चार दिवस नाही आला तर तुम्ही रतीब लावाल का?

यूट्यूबवरून पैसे कधी सुरू होतात, हेही माहीत पाहिजे. जाहिरातींच्या कमाईत वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यू. म्हणजे पहिले काही महिने कमाई शून्य धरून चालायचं. पण तुमचं काम लोकांसमोर दिसतंय, हीच त्या महिन्यांची कमाई. प्रोफाइलला जोडायला याच्यापेक्षा चांगला पुरावा नाही.

दुसरी बाजारपेठ सातारा-वाई. फलटण ओलांडलं की आपण तिकडंच. 'स्वदेस'चं गाव वाईजवळच्या मेणवलीत उभं राहिलं होतं. २०१७ ला सुरू झालेली 'लागिरं झालं जी' ही मालिका साताऱ्याच्या मातीत शूट झाली, आणि तिच्यामुळं तिकडच्या कितीतरी स्थानिक कलाकारांचे चेहरे घरोघरी गेले. लेखक तेजपाल वाघ स्वतः वाईचे. अशी शूटिंग गावात येतात तेव्हा छोट्या भूमिकांना जवळचीच माणसं लागतात, कारण मुंबईहून आणायचं म्हणजे गाडी, राहणं, जेवण, सगळा खर्च वाढतो. तुम्ही जवळ राहता हाच तुमचा भाव. "सर, मी दोन-तीन तासांत लोकेशनला पोहोचतो, राहायची सोय करायला नको" हे वाक्य लिहून ठेवा.

तिसरी बाजारपेठ तुमच्या गल्लीत आहे. सराफ, साडीचं दुकान, ठिबकवाले, बियाणंवाले, दूध डेअरी, शोरूम, हॉस्पिटल, क्लासेस, सगळ्यांना आता रील पाहिजे. रिक्षावर फिरणाऱ्या जाहिरातीला आवाज पाहिजे. उद्घाटनाला सूत्रसंचालक पाहिजे. शाळांना स्नेहसंमेलन बसवून देणारा माणूस पाहिजे. सरकारी योजनांची पथनाट्यं असतात. दर जानेवारीत बारामतीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तिथं स्टॉलवर कंपन्यांना बोलणारी माणसं लागतात. हे सगळं अभिनयाचंच काम आहे, आणि याचे पैसे लवकर मिळतात.

माझ्या दुकानदार वाचकांनो, तुम्हाला पण सांगतो. मालकानं स्वतः कॅमेऱ्यासमोर घाबरत-घाबरत बोललेल्या जाहिरातीपेक्षा गावातला चांगला कलाकार घ्या, त्याला ठरवून पैसे द्या. "तुझी जाहिरात होईल की" असं म्हणून फुकट राबवू नका. आपण आपला माल असा फुकट देतो का?

पैसा: कधी येणार, हे किती येणारपेक्षा मोठं

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. मालिकांच्या क्षेत्रात पैसे साधारण ९० दिवसांनी देण्याची पद्धत आहे. धंद्याच्या भाषेत तीन महिन्यांची उधारी. आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा दिवसाचे २,५०० रुपये ठरले आणि जूनमध्ये ८ दिवस काम मिळालं. बिल झालं २०,००० चं. त्यातून १० टक्के टीडीएस गेला तर हातात येणार १८,०००. कधी? सप्टेंबरअखेर. आणि मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च अगदी काटकसरीनं महिन्याला १२,००० धरला, तर जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे ४८,००० आधीच गेलेले. म्हणजे काम मिळूनसुद्धा पोरगं उपाशी! इथंच बरीच मुलं परत येतात. अभिनय येत नव्हता म्हणून नाही, खेळतं भांडवल नव्हतं म्हणून.

त्यामुळे तीन नियम.

एक, निघण्याआधी किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे. तो जमेपर्यंत इथंच राहून सेल्फ टेप, लोकल काम चालू ठेवा. आणि हा खर्च कर्ज काढून किंवा रान गहाण टाकून उभा करायचा नाही. उचल घेऊन हंगाम सुरू केला की काय होतं, ते वर वाचलंय तुम्ही.

दोन, जोडधंदा ठेवा, आणि त्यात कमीपणा मानू नका. सातारा जिल्ह्यातले सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी करत नाटकाकडे वळले. १९९९ च्या 'शूल'मधला बच्चू यादव देशानं बघितला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पोटाची सोय असली की माणूस वाटेल त्या अटीवर काम घेत नाही, आणि ऑडिशनला चेहऱ्यावर लाचारी दिसत नाही.

तीन, टीडीएस कापला म्हणजे पैसे बुडाले असं नाही. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. त्यासाठी पॅन आणि बँक खातं नीट ठेवा, कुणी किती कापला ते फॉर्म २६एएसमध्ये तपासा. शंभर रुपयांच्या पेट्रोलचीसुद्धा नोंद ठेवा.

आणि ठरलेलं लिहून घ्या. लोकल रील असली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका. काम काय, किती दिवस, किती पैसे, प्रवास कुणाचा, पैसे कधी, आणि जाहिरात किती महिने चालवणार. समोरून 'ओके' आलं की काम पक्कं. अर्धे पैसे आगाऊ मागायला लाजू नका. सुपारी घेतल्याशिवाय फड हलत नाही, तुम्ही का हलता?

पैसा कुठल्या दिशेनं चाललाय ते बघा

फसवणूक ओळखायला एकच कसोटी. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. 'तुमचं सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे भरा', 'आर्टिस्ट कार्ड काढावं लागेल', 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा मग रोल पक्का', 'कॉस्च्युमचं डिपॉझिट द्या', हे ऐकलं की फोन ठेवा. कलाकारांची सिंटा ही संघटना १९५८ पासून आहे, तिचं सभासदत्व तिच्याच कार्यालयातून मिळतं, हॉटेलात बसलेल्या एजंटकडून नाही.

क्लासला जाताना पण हाच विचार. शिकवायची फी घेणं बरोबर आहे. पण 'कोर्स केला की मालिकेत रोल' असं आश्वासन देणारा क्लास शिक्षण विकत नाही, आशा विकतोय. आधी एक दिवस बसून बघा, जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी स्वतः बोला, मग पैसे भरा.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी विशेष लक्षात ठेवा. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा. पत्ता आणि माणसाचं नाव घरी कळवलेलं. सोबत कुणीतरी. हे चालणार नाही असं कुणी म्हटलं तर ते कामच चालणार नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शूटिंगच्या ठिकाणालाही लागू आहे. पोरगी हे सांगायला घरी आली तर तिचं अ‍ॅक्टिंग बंद करू नका, तक्रारीला तिच्याबरोबर जा. नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

वही ठेवा, तोंड गोड ठेवा

शेवटचा मुद्दा. एक वही करा. तारीख, कुणाला प्रोफाइल पाठवलं, कुठला रोल, उत्तर काय. महिन्याच्या शेवटी मोजा. किती पाठवले, किती ठिकाणी बोलावलं, किती कामं झाली. तीस पाठवून एकदाही बोलावलं नाही, तर फोटो किंवा व्हिडिओ बदला. बोलावतात पण निवडत नाहीत, तर तालीम वाढवा. काम मिळतं पण दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही, तर वागणूक तपासा. वही नसली की हे तिन्ही रोग एकच वाटतात आणि माणूस म्हणतो, "आपलं नशीबच नाही."

'नाही' आलं म्हणजे तुम्ही वाईट, असं नसतं. निळा शर्ट पाहिजे असलेलं गिऱ्हाईक लाल शर्ट घेत नाही, म्हणून लाल शर्ट फेकून देतो का आपण? महिन्या-दीड महिन्यानं नवीन काम झालं की एक छोटा मेसेज टाका. रोज 'सर काही आहे का' असं विचारू नका. सेटवर वेळेच्या आधी जा, स्पॉटदादापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांशी नीट बोला. नवीन गिऱ्हाईक आणायला खर्च येतो, जुनं परत येतं ते फुकट. पुढचं काम बहुतेक वेळा मागच्या सेटवरच्या कुणाच्या तरी तोंडून येतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. पाच अनोळखी माणसांना विचारून तुमचा 'माल' एका ओळीत लिहा.
२. एक मिनिटाचा ओळख व्हिडिओ शूट करा. दहा वेळा करा, अकरावा ठेवा.
३. गावातल्या तीन दुकानदारांकडे जाऊन रील किंवा आवाजाच्या कामाचा भाव सांगून या. काम नाही मिळालं तरी भाव सांगायची सवय होईल.
४. घरच्यांसोबत बसून सहा महिन्यांचा खर्च कागदावर मांडा. आई-वडिलांच्या समोर मांडा. स्वप्नाला ते सहसा नाही म्हणत नाहीत, आकडा माहीत नसला की घाबरतात.

हा चौथा गृहपाठ सगळ्यात अवघड आहे, आणि तोच आधी करा. कागदावर आकडा जमला तर मुंबईची एसटी पकडा. नाही जमला तर सहा महिने इथंच दुकान चालवा. कलाकार तेवढ्यानं लहान होत नाही.

पुढच्या व्हिडिओत लोकल कामाचा भाव कसा ठरवायचा, ते बघू. तोपर्यंत वही उघडा आणि कामाला लागा.